आवक-जावक

मराठीत समीक्षा कशाची होत नाही, सांगा. कवितेची होते, नाटकाची होते, गाण्याच्या बैठकीची होते. मिसळीची तर इतकी होते की खाणाऱ्यांपेक्षा तिच्यावर बोलणारेच जास्त झाले आहेत. लग्नाच्या पंक्तीत हात धुवायच्या आधी जिलबीच्या पाकावर परिसंवाद सुरू होतो. मग त्या बोटभर लांबीच्या धातूच्या मोटारगाड्यांनीच आपल्या समीक्षकांचं काय घोडं मारलं आहे, हे मला कळत नाही. कोट्यवधी गाड्या आजवर निघाल्या. मुलं त्यांच्याशी खेळतात आणि मुलांचे बाप त्या मुलांपासून लपवून ठेवतात. पण 'यंदाच्या खेळण्यातल्या मोटारी : एक आढावा' असा लेख कुठल्या दिवाळी अंकात माझ्या तरी वाचनात आलेला नाही. तेव्हा तो आपणच लिहावा असं ठरवलं.

माझा अधिकार काय, असं कुणी विचारील. मी एका कचेरीत पस्तीस वर्षं आवक-जावक खात्यात काढली. त्या सवयीने घरीही लाल पुठ्ठ्याची एक नोंदवही ठेवली आहे. रकाने असे : अनुक्रमांक, तारीख, मेक, रंग, कुठून, कशाच्या बदल्यात, शेरा. आजमितीला संग्रहात तीनशे बारा गाड्या आहेत. यंदाची आवक अकरा. पैकी सहा नव्या, दुकानातून विकत घेतलेल्या, आणि पाच अदलाबदलीत आलेल्या. जावक पाच. प्रत्येक नोंदीवर आमच्या हिचा एक तोंडी शेरा असतो, "आणि धूळ कोण पुसणार?" तो वहीत लिहीत नाही, पण सर्व नोंदींना लागू आहे असं समजावं.

आता संज्ञा. समीक्षेत संज्ञा आधी स्पष्ट करायच्या असतात, म्हणजे पुढे लेख अस्पष्ट राहिला तरी चालतो. या गाड्यांना इंग्रजीत डायकास्ट म्हणतात. आताची मुलं 'मेटलची गाडी' म्हणतात आणि आमच्या लहानपणी सरसकट 'लोखंडी गाडी' म्हणत. वास्तविक लोखंडाचा तिच्यात फक्त चाकांचा आस. खोटं वाटत असेल तर लोहचुंबक लावून पाहा, आसाला चिकटेल, अंगाला चिकटणार नाही. अंग असतं जस्ताचं. जस्तात सुमारे चार टक्के अॅल्युमिनियम, थोडं तांबं आणि चिमूटभर मॅग्नेशियम. या मिश्रणाला झमॅक म्हणतात. त्यातला शेवटचा 'क' हा तांब्याच्या जर्मन नावाचा. हे मिश्रण वितळवून पोलादी साच्यात दाबाने घुसवायचं, क्षणात थिजतं, की साचा उघडायचा. तत्त्व मोदकाच्या साच्याचंच आहे. फक्त इथली उकड चारशे अंशांच्या आसपास असते आणि कळ्या आमच्या घरच्यापेक्षा नीट पडतात. हे शेवटचं वाक्य ही वाचणार नाही अशी आशा आहे.

गाण्यात असतात तशी यातही घराणी आहेत. सगळ्यात खानदानी म्हणजे डिंकी. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीचं, ज्याने मेकॅनो काढला त्याचंच. १९३४ साली 'डिंकी टॉइज' हे नाव रूढ झालं. १९५६ साली वेल्समधून कॉर्गी आली. तिचा सगळा तोरा असा की, आमच्या गाड्यांच्या खिडक्यांना काचा आहेत! तोवरच्या गाड्यांच्या खिडक्या नुसत्या मोकळ्या असत. आणि मधल्या काळात लंडनमध्ये लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघांनी १९४७ साली आपल्या नावांचे तुकडे जोडून 'लेस्नी' काढली. आडनाव एक, पण नातं काहीच नाही. आपल्याकडे दोन कुलकर्णी भेटले तर निदान गाव तरी विचारतात.

या लेस्नीत जॅक ओडेल नावाचा एक कारागीर होता. त्याच्या मुलीच्या शाळेचा नियम होता, काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं शाळेत आणायचं. बापाने पितळेचा इवलासा रोड रोलर करून दिला. पोरीच्या मैत्रिणींनी तो पाहिला आणि त्यातून १९५३ साली 'मॅचबॉक्स' उभी राहिली. शाळेच्या जाचक नियमातून काही भलं निघाल्याचं मला माहीत असलेलं हे एवढंच उदाहरण.

मग १९६८ साली अमेरिकेतून मॅटेल कंपनीच्या हॉट व्हील्स आल्या. पहिल्या वर्षी सोळाच. पण तारेसारखा बारीक आस, घर्षण जवळजवळ नाही, आणि चकचकीत रंग. इंग्रजी गाड्या तोवर ढकलल्या की चार फरशा जाऊन विचार करत थांबत. या सुसाट सुटल्या आणि समोरच्या भिंतीवर आदळल्या. मॅचबॉक्सने १९६९ मध्ये घाईघाईने 'सुपरफास्ट' चाकं बसवली. तरीही १९७९ साली डिंकीचा कारखाना बंद पडला, १९८२ मध्ये लेस्नीचं दिवाळं वाजलं आणि १९८३ मध्ये कॉर्गीच्या मालक कंपनीचं. मॅचबॉक्स हिंडत-फिरत १९९७ साली मॅटेलच्याच घरात गेली. ज्या घराण्याशी उभा दावा मांडला, त्याच घरात सून होऊन नांदते आहे. बरी नांदते आहे, पण तिच्या माहेरची लकब गेली.

इतिहास पुरे. आता निकष. मी चार मानतो. पहिला, चेहरा. मोटारीला चेहरा असतो. दिवे म्हणजे डोळे, जाळी म्हणजे दात. लहान करताना चेहरा टिकला पाहिजे. दुसरा, वजन. गाडी हातात घेतली की तळव्याला कळलं पाहिजे की काहीतरी आहे. तिसरा, चाक. आणि चौथा, पोट. गाडी उलटी करून पाहावी. धातूचं पोट, त्यावर नाव, गाव आणि साल ठसठशीत. हल्ली बहुतेकींचं पोट प्लॅस्टिकचं असतं. वरून शालू आणि आतून परकर फाटका, असा प्रकार.

प्रमाण, म्हणजे स्केल, हा पाचवा निकष काही जण मानतात. मी मानत नाही. मॅचबॉक्सवाल्यांनी जुन्या काळी एकाच मापाची पेटी ठेवली आणि तीत मावेल अशी प्रत्येक गाडी केली. त्यामुळे दुमजली बस, सिमेंटचा ट्रक आणि चिमुकली मोटार सगळ्या एकाच लांबीच्या. इतका समाजवाद पुढे कुठल्या देशाला जमला नाही.

आता यंदाची आवक. सगळ्या अकरांचा परामर्श घेत नाही, सहा घेतो.

क्रमांक एक, नवी : हॉट व्हील्सची 'बोन शेकर'. ही गाडी मुळात रस्त्यावरची नाही. ती लॅरी वुड या मान्यवर रेखाटनकाराच्या डोक्यातून निघाली आणि २००६ पासून निघतेच आहे. पुढे जाळीच्या जागी मोठी कवटी. इंजिन उघडं. छप्पर बसकं. समीक्षक म्हणून सांगतो, कारागिरीत दोष काढायला जागा नाही. कवटीची दातखीळसुद्धा नीट उतरली आहे. पण गाडीला चेहरा असावा म्हणताना मला एवढा शब्दशः चेहरा अभिप्रेत नव्हता. खेळण्यातल्या गाडीची गंमत ही की ती पाहून खरी आठवते. हिला पाहून काय आठवायचं? स्मशानभूमी? काही नवकविता वाचताना 'हे चांगलं आहे असं सगळे म्हणतात, तेव्हा असेल' असं वाटतं, तसं मला हिच्याकडे पाहून वाटतं.

इथे एक मतभेद नोंदवतो. माझी पाच वर्षांची नात सुट्टीत आली होती. तिची समीक्षापद्धती वेगळी आहे. जेवणाचा पाट भिंतीला तिरका टेकवायचा आणि वरून गाड्या सोडायच्या. बोन शेकर देवघरापर्यंत गेली. बाकीच्या सगळ्या त्याआधीच दमल्या. "आजोबा, हीच बेस्ट," असा निकाल लागला. कवटीबद्दल विचारलं तर म्हणाली, "ती हसतेय." मी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

क्रमांक दोन, नवी : मॅचबॉक्सची टेस्ला रोडस्टर. हिची घोषणा २०२१ मध्ये झाली. नव्याण्णव टक्के पुनर्वापर केलेल्या मालातून बनवलेली, पर्यावरणाला भार न होणारी. हेतू अत्यंत स्तुत्य आहे, मी काही वाईट बोलणार नाही. फक्त एक शंका. खेळण्यातली गाडी याआधी कधी पेट्रोल पीत होती? सत्तर वर्षं आमच्या गाड्या तोंडाने 'ढुर्रर्र' म्हटलं की चालत. त्याहून स्वच्छ इंधन अजून सापडायचं आहे. विजेच्या गाडीला तर आवाजच नाही, म्हणजे मुलाने तोंडाने काय करायचं? नातीने तिच्यासाठीही 'ढुर्रर्र'च केलं. चेहरा गुळगुळीत, साबणाची वडी महिनाभर वापरल्यावर होते तसा. हा दोष मात्र मॅचबॉक्सचा नाही. खरीच तशी आहे.

क्रमांक तीन, नवी : टोमिकाची जपानी टॅक्सी. टोमिका म्हणजे जपानचं घराणं, १९७० पासूनचं. हिला मी यंदाच्या नव्या गाड्यांत पहिला नंबर देतो. छोट्या पेटीत येते, पेटी पुन्हा बंद करता येते. चाकांना स्प्रिंग आहे; बोटाने दाबली की टॅक्सी किंचित खाली बसते, जशी जाडा उतारू चढल्यावर बसावी. मुख्य म्हणजे तिच्यात नटवेपणा नाही. रोजच्या रस्त्यावरची साधी टॅक्सी, पण कुणीतरी प्रेमाने पाहिलेली. आणि इथेच मला दुखतं. आमच्या मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. सहा दशकं तिने लग्नाचे आहेर, बाळंतिणी, गणपती आणि भांडणारी जोडपी वाहिली. पण जस्तात उतरवलेली, अशी वजनदार, टपावरच्या कॅरिअरसकट पद्मिनी मला आजवर मिळालेली नाही. प्लॅस्टिकची, मागे ओढून सोडायची मिळते. तिला मी नावं ठेवत नाही, पण हातात घेतली की तळव्याला काही कळत नाही. जपानी माणसाने आपली टॅक्सी जपली. आम्ही आमच्या टॅक्सीवर लेख लिहिले.

नव्या गाड्यांबद्दल लिहिताना त्या मिळतात कशा, यावरही लिहायला हवं. कारण समीक्षकाने कलाकृतीबरोबर समाजाकडेही पाहायचं असतं. हॉट व्हील्सवाल्यांनी १९९५ साली 'ट्रेझर हंट' नावाची एक टूम काढली. बारा गाड्या, प्रत्येकी फक्त दहा हजार, नेहमीच्या गाड्यांत मिसळून टाकलेल्या. पुढे २००७ पासून त्याहून दुर्मिळ 'सुपर'. ओळखायची खूण म्हणजे कुठेतरी कोपऱ्यात ज्वाळेचं छोटं चिन्ह. कल्पना अशी की एखाद्या पोराला अचानक लॉटरी लागावी. झालं असं की पोर शाळेत असताना पोराच्या बापाच्या वयाची माणसं दुकानात येतात. माल खोक्यातून निघायच्या आधी नोकराशी संधान बांधतात, आणि सगळी खुंटी चाळून चांगलं ते उचलतात. उरतं ते पोरांना. एका मोठ्या दुकानात मी एक गृहस्थ पाहिले. भाजीवाल्याकडे भेंडी मोडून पाहावी तशी ते एकेक गाडी उजेडात धरून पाहत होते. बाजूला एक मुलगा आईचा पदर धरून उभा. त्याला फक्त लाल गाडी हवी होती, कुठलीही. गृहस्थांच्या टोपलीत लाल चार होत्या.

"अहो, एक द्या की त्याला," मी म्हटलं.

"काका, ह्या इन्व्हेस्टमेंट आहेत," ते म्हणाले.

एक दिली मात्र त्यांनी. तीही पाकिटाचा कोपरा दुमडलेली पाहून.

या पाकिटाचं प्रकरण आहेच. आमच्या क्षेत्रात दोन पंथ आहेत : पाकीटवाले आणि मोकळेवाले. पाकीटवाले गाडी पुठ्ठ्यावरच्या त्या प्लॅस्टिकच्या फुग्यातच ठेवतात. फुगा फोडला की किंमत पडते म्हणे. मोकळेवाले घरी येईपर्यंतही थांबत नाहीत, रिक्षातच पाकीट फाडतात. मी दुसऱ्या पंथाचा. पण पहिल्या पंथाची मानसिकता मला परकी नाही, कारण मी मध्यमवर्गीय घरात वाढलो. आमच्या शोकेसमध्ये एक कपबश्यांचा सेट होता, खास पाहुण्यांसाठी. त्या दर्जाचा पाहुणा तीस वर्षांत आला नाही. नव्या सोफ्याचं प्लॅस्टिक आम्ही काढलं नाही, उन्हाळ्यात मांड्या चिकटल्या तरी. लग्नातला शालू जपून जपून घडीवर फाटला. तेव्हा पाकीटवाले हे वेडे नव्हेत. ते आपल्यातलेच आहेत.

त्यांच्या पंथाला निसर्गाचं मात्र अनुमोदन नाही. जस्ताला एक रोग होतो, इंग्रजीत त्याला जस्ताची कीडच म्हणतात. मिश्रणात शिशाची भेसळ राहिली की काही वर्षांनी धातू आतल्या आत चिरत जातो, फुगतो, आणि एक दिवस शिळ्या बिस्किटासारखा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी डिंकी अशा गेल्या. औषध नाही. आणि हा रोग गाडी खेळलेली होती की पेटीत जपलेली होती, हे विचारत नाही. ज्या पोराने ती चिखलात घातली आणि गटारात बुडवून काढली, त्याने निदान तिचा उपयोग केला. ज्याने कापसात ठेवली त्याच्याकडे कापूस उरला. आताच्या गाड्यांना हे दुखणं सहसा होत नाही, धातू शुद्ध असतो. पण फुगा पिवळा पडतो, पुठ्ठा वाकतो, आणि जपणारा म्हातारा होतो. हे तिन्ही मी पाहिलं आहे.

आता अदलाबदल. विकत घेणं सोपं असतं. पैसे दिले, गाडी आली. अदलाबदलीत माणूस कळतो. हा व्यवहार मी आमच्या आईकडून शिकलो. दारात बोहारीण आली की आई दोन जुन्या शर्टांवर आणि एका विटक्या साडीवर स्टीलचा डबा मागायची. बोहारीण वाटी पुढे करायची. तासाभराने झाकणाशिवाय डबा किंवा डब्याशिवाय झाकण अशा तोडग्यावर दोघी यायच्या. अदलाबदलीचा मूळ नियम असा की घरी जाताना दोघांनाही समोरचा थोडासा बावळट वाटला पाहिजे. एकालाच वाटला तर ती फसवणूक, कुणालाच वाटला नाही तर ती मैत्री.

क्रमांक चार, बदल्यात आलेली : लिओ मॅटेलची हॉट व्हील्स. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीत या गाड्या 'लिओ मॅटेल' नावाने भारतात बनत. साचे परदेशी, रंग आपले. त्यामुळे मूळ गाडी ज्या रंगात जगात कुठे नाही अशा रंगात इथे निघे. माझ्याकडे आलेली ही दहीहंडीच्या टी-शर्टासारख्या पिवळ्या रंगात आहे. त्या काळी आम्हाला वाटे, परदेशातली खरी, ही आपली दुय्यम. आता परदेशातले संग्राहकच या शोधत फिरतात. आपल्याकडच्या बऱ्याच गोष्टींचं असंच होतं.

क्रमांक पाच, बदल्यात आलेली : निकी टॉइजची जग्वार. साठच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही थकलेले साचे कलकत्त्याला आले, आणि त्यांतून निघालेल्या गाड्यांचं बारसं 'निकी' असं झालं. मुलाचं नाव ठेवताना फार लांब जायचं नाही, एवढंच पथ्य पाळलेलं दिसतं. एका कॉलेजातल्या मुलाने ती एका जुन्या खोक्याबरोबर जुन्या बाजारात उचलली होती. "काका, हे निकी-बिकी मला नको, मला तुमच्याकडचं नवीन पाकीट द्या," म्हणाला. दिलं. आता परीक्षण. साचा झिजलेला, त्यामुळे कडा बोथट. रंग जाड, गिलाव्यासारखा. दाराच्या रेषा रंगात बुडाल्या आहेत. पण चेहरा? चेहरा आहे! लिव्हरपूलच्या कारागिराने कोरलेला तो जग्वारचा गर्विष्ठ चेहरा कलकत्त्याच्या रंगाखालूनही ओळखू येतो. जुन्या नाटकाच्या गावोगावच्या प्रयोगात नट बदलले, पडदे फाटले, पेटी बेसूर झाली, तरी नाटक उभं राहतं ना, तसं. चांगल्या संहितेचं बळ ते हेच. वजनही भरपूर आहे. हिला मी शंभरात साठ गुण देतो, आणि दहा प्रवासाचे.

क्रमांक सहा, बदल्यात आलेली : कॉर्गीची अॅस्टन मार्टिन डीबी५, जेम्स बाँडची, १९६५. इथे समीक्षकाने टोपी काढायची. सिनेमातली गाडी चंदेरी. कॉर्गीने सोनेरी केली. एक बटण दाबलं की पुढे दोन बंदुका, दुसऱ्याने मागे गोळ्या अडवायचा पडदा, आणि तिसऱ्याने छप्पर उघडून शेजारी बसलेला खलपुरुष आसनासकट आकाशात! हे सगळं चार इंचांत. पाठ्यपुस्तकात आशय आणि अभिव्यक्ती यांची एकरूपता म्हणतात ती मला कळली नव्हती, या गाडीने समजावली. तिच्यातला प्रत्येक चाळा चेहऱ्याला धक्का न लावता बसवलेला आहे. दोष एकच, आणि तो जगप्रसिद्ध आहे : उडालेला माणूस सापडत नाही.

ही गाडी माझ्याकडे कशी आली ते सांगतो. आमच्या कचेरीतला माझा एक मित्र. पस्तीस वर्षं शेजारची टेबलं. तो कट्टर पाकीटवाला, सहाशेच्या वर पाकिटं, कपाटात उभी, ग्रंथालयात पुस्तकं असावीत तशी. आमचे यावरून इतके वाद झाले आहेत की त्यात जावक खात्याची निम्मी टपालं खोळंबली असतील. यंदा तो मुलाकडे बंगळूरला कायमचा निघाला. मुलाच्या घरात जागा बेताची. सगळी पाकिटं त्याने दोन दुपारींत एका तरुण व्यापाऱ्याला देऊन टाकली. मी शेवटच्या दुपारी होतो तिथे. त्याने खोकी मोजली, सही केली आणि म्हणाला, "चहा टाक." चेहऱ्यावर रेघ हलली नाही. मला वाटलं होतं, हा रडेल. त्या गाड्या त्याच्या कधी झाल्याच नव्हत्या, हे मला त्या दिवशी कळलं. त्याने त्या सांभाळल्या होत्या.

आठवड्याने तो आमच्याकडे आला. खिशातून रुमाल काढला, रुमालातून ही डीबी५. त्याच्या वडिलांनी आणलेली. ते बोटीवर होते. त्याच्या सगळ्या आयुष्यातली ही एकच मोकळी गाडी.

"ही तुला," तो म्हणाला. "मला तुझी बस दे."

माझ्याकडे मॅचबॉक्सची लंडनची लाल दुमजली बस आहे. होती, म्हणायला हवं. मामाने लहानपणी दिलेली. रंग उडालेला, एक आस वाकडा, आणि मागच्या कोपऱ्यावर माझ्या धाकट्या भावाच्या दुधाच्या दातांच्या खुणा. बाजारात तिला कुणी चहासुद्धा पाजणार नाही.

"अरे, तुझ्या गाडीचे बाजारात काय येतात माहीत आहे ना?" मी म्हटलं.

"मी बाजारात निघालोच नाहीये. बस दे."

"वहिनी," तो हिला म्हणाला, "याला सांगा. बावीस वर्षं आम्ही डबलडेकरने फोर्टात गेलो. वरच्या मजल्यावर, पुढच्या दोन सीटा. पावसाळ्यात ती पुढची खिडकी बंद व्हायची नाही आणि हा दरवेळी छत्री उघडायचा. बसमध्ये!"

"छत्री मोडली की धुवून वाळत घालायला मीच होते, भाऊजी," ही म्हणाली. हिने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या संग्रहाकडे धूळ न पाहता पाहिलं.

मुंबईची जुनी डिझेलवरची दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये शेवटची धावली. आता विजेच्या, थंडगार आहेत, आणि त्यांच्या खिडक्या नीट बंद होतात. आमचा मित्र टेबलाच्या कडेने ती मोडकी बस हळूहळू चालवत होता. साठी ओलांडलेला माणूस, पाकिटाला नख लागू न देणारा. एका जागी त्याने बस थांबवली, दोन वेळा टिचकी वाजवली, आणि पुन्हा सोडली. घंटा ती.

"आणि यातला माणूस?" मी डीबी५चं छप्पर उघडून विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात उडाला. अख्ख्या चाळीने शोधला. आई कितीतरी दिवस तांदूळ निवडताना बघत होती."

घरी जाताना दोघांनाही समोरचा थोडासा बावळट वाटला पाहिजे, हा नियम मी वर सांगितलाच आहे. तो जिना उतरताना मी गॅलरीतून पाहत होतो. त्याला मी बावळट वाटलो असेन की नाही, सांगता येत नाही. मला तो वाटला नाही. माझ्याच व्याख्येप्रमाणे तेव्हा ही फसवणूक तरी असेल किंवा मैत्री तरी.

यंदाच्या आढाव्याचा निष्कर्ष : नव्यांत टोमिकाची टॅक्सी पहिली. बदल्यात आलेल्यांत कॉर्गी पहिली, निकी उत्तेजनार्थ. पद्मिनीची जागा रिकामी, कुणीतरी भरावी. पाकिटं फोडावीत. खुंटीवरची निदान एक लाल गाडी मुलांसाठी ठेवावी.

आणि एक जाहीर विनंती. कुणाच्या घरी जुन्या डब्यात, शिवणाच्या पेटीत किंवा तांदळात डीबी५मधला उडालेला माणूस सापडला तर कृपया कळवावं. हल्ली नव्याने बनवलेला सुटा मिळतो, तो नको, अस्सल हवा. त्याच्या बदल्यात मी बोन शेकर देणार होतो, पण नात नाही म्हणते. तेव्हा टेस्ला देईन. पाकीट मात्र फोडलेलं आहे.